दाद कोठे मागावी?

मुलुंड पूर्वेच्या संभाजी उद्यानात सकाळचे फिरणे आटोपल्यावर ज्या बाकावर आम्ही तिघे घटकाभर टेकतो, त्याच्या उजव्या अंगाला भाऊसाहेब बसतात, डाव्या अंगाला मास्तर बसतात, आणि मधली जागा माझ्या वाट्यास येते; कारण दोघांचेही म्हणणे मला निम्मे निम्मे पटते. भाऊसाहेब कारकून म्हणून महसूल खात्यात लागले आणि नायब तहसीलदार होऊन निवृत्त झाले. मास्तरांनी घाटकोपरच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवले आणि, जे त्या विषयाच्या शिक्षकांत विरळा आढळते, शिकवलेले सारे स्वतः खरे मानले.

गेल्या श्रावणातल्या एका कोरड्या सकाळी बोलणे निघाले ते आमच्या इमारतीतील एका वृद्ध बाईंवरून. त्यांच्या निजण्याच्या खोलीची भिंत तीन पावसाळे ओली आहे. पोपडे धरतात, गळून पडतात, पुन्हा धरतात. या भिंतीपायी बाईंनी दोन वर्षांत पाच कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आणि पाचही ठिकाणच्या अर्जांच्या पोचा एका कापडी पिशवीत जपून ठेवल्या. ती पिशवी आदल्या रात्री मास्तरांनी पाहिली होती, आणि तिच्यापायी झालेली झोपमोड त्यांच्या डोळ्यांत अजून दिसत होती.

मास्तर : भाऊसाहेब, पाच अर्ज, पाच पोचा, आणि पाचही ठिकाणी एकच उत्तर, तेही तोंडी : "हे आमच्याकडे येत नाही." मग येते कोणाकडे, हे सांगण्याची तसदी एकानेही घेतली नाही. भिंतीतून पाणी झिरपते एवढी साधी गोष्ट, आणि तिच्यासाठी ज्या राज्यात दार सापडत नाही, त्या राज्यात दारे तरी इतकी कशाला बांधली?

भाऊसाहेब : ते वाक्य मीही नोकरीत असताना शेकडो वेळा उच्चारले आहे, मास्तर, आणि ते उच्चारताना मी खोटे बोललो नाही. ज्या अधिकाऱ्याला ज्या विषयाचा अधिकार कायद्याने दिला नाही, त्याने त्या विषयात करुणेपोटी हुकूम दिला, तरी तो हुकूम रद्दबातल ठरतो. दोन्ही पक्षकारांनी हात जोडून संमती दिली, तरी त्या संमतीने अधिकार उत्पन्न होत नाही. उद्या एखाद्या तहसीलदाराने तुमच्या बाईंच्या भिंतीचा निवाडा केला असता, तर बाईंचा ज्याच्यावर संशय आहे त्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थाने तो कागद पहिल्याच तारखेला उडवून लावला असता, आणि बाईंची दोनाऐवजी चार वर्षे गेली असती. तुम्हांला जे निष्ठुर वाटते, त्यात बाईंचे पुढचे नुकसान टळलेले असते.

मास्तर : पण तो अधिकार कोणत्या दारामागे ठेवला आहे, हे सामान्य माणसाने कसे ओळखावे? माझेच पाहा. मी घाटकोपरात राहत होतो तेव्हा नळाच्या पाण्यासाठी मी महापालिकेच्या एन विभागाचा रहिवासी, जमिनीच्या महसुलासाठी कुर्ला तालुक्याचा, त्या कुर्ला तालुक्याचे तहसील कार्यालय मुलुंडात, जिल्हाधिकारी वांद्र्याला. आता मुलुंडात राहावयास आलो तर विभाग टी झाला, तालुका मात्र कुर्लाच राहिला. एकाच देहाला इतके पत्ते द्यावयाचे, आणि मग तो देह वाट चुकला की त्यालाच हसावयाचे!

भाऊसाहेब : हे पत्ते कोणी आपल्याला छळण्यासाठी काढले नाहीत, ते इतिहासाने एकावर एक चढवले आहेत. १८८८ चा महापालिकेचा कायदा झाला तेव्हा अंधेरी आणि घाटकोपर मुंबईच्या हद्दीत नव्हतेच. १९५० साली हद्द वाढली ती पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेस भांडुपपर्यंत. बोरिवली, दहिसर आणि हे आपले मुलुंड बृहन्मुंबईत आले ते १ फेब्रुवारी १९५७ रोजी. उपनगरांचा स्वतंत्र महसुली जिल्हा १९९० मध्ये झाला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीनच तालुके त्यात आले. बाहेरगावाहून आलेला मनुष्य येथे जिल्हा परिषद शोधतो, आणि ती या जिल्ह्यात नाहीच. महापालिकेने विभाग पाडले ते पाणी, कचरा आणि बांधकाम सांभाळण्यासाठी. महसूल खात्याने तालुके राखले ते जमिनीसाठी. पोलिसांनी ठाण्यांच्या हद्दी आखल्या त्या गुन्ह्यांसाठी. प्रयोजने निराळी म्हणून नकाशे निराळे. एका माणसाचे कान, नाक आणि डोळे पाहणारे वैद्य वेगवेगळे असतात, त्याबद्दल तुम्ही कधी तक्रार करीत नाही.

मास्तर : नाही करीत, कारण रुग्णालयाच्या दाराशी केसपेपर काढणारा मनुष्य मला विचारतो, "काय होतंय?" आणि मग खोली क्रमांक सांगतो. तुमच्या सरकारात तो मनुष्य कोठे बसतो?

हा वार वर्मी लागला असावा, कारण भाऊसाहेबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, आणि तो पुन्हा चढवीपर्यंत उत्तर दिले नाही.

भाऊसाहेब : तो मनुष्य अर्जदाराच्या स्वतःच्या डोक्यात बसला पाहिजे, असे माझे मत आहे. आमच्या वेळी एक जुने हेडकारकून नव्या उमेदवारांना सांगत की, अर्ज वाचण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्या : तक्रार कोणाविरुद्ध आहे, वस्तू कोणती आहे, आणि अर्जदाराला मिळवायचे काय आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की कचेरी आपोआप ठरते. तुमची तक्रार बिल्डरविरुद्ध आहे, त्याने ताबा वेळेवर दिला नाही आणि प्रकल्प नोंदलेला आहे, तर २०१६ च्या कायद्याने स्थापलेल्या महारेराकडे जावे. सेवेतील त्रुटीची भरपाई हवी, तर ग्राहक आयोगाकडे. भाडेकरू आणि घरमालक यांचा तंटा असेल तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली लघुवाद न्यायालयात जावे, ज्याची शाखा उपनगरवासीयांसाठी वांद्र्याला आहे. पण तेच घर लिव्ह अँड लायसन्सने दिलेले असेल आणि मुदत संपूनही मनुष्य उठत नसेल, तर त्याच कायद्यातला सक्षम प्राधिकारी निराळा. शेजाऱ्याने गॅलरी वाढवून खोली केली, तर महापालिकेचे विभाग कार्यालय. मिळकत पत्रिकेतील क्षेत्र चुकले किंवा हद्दीची मोजणी हवी, तर नगर भूमापन अधिकारी; मात्र त्या जमिनीचा मालक कोण हा प्रश्न निघाला, की मोजणीदाराची साखळी तेथे थांबते आणि दिवाणी न्यायालय सुरू होते. झोपडपट्टी योजनेतील पात्रता असेल तर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. बिल्डर सोसायटीच्या नावे जमीन करून देत नसेल, तर मानीव अभिहस्तांतरणासाठी सहकार खात्याचा जिल्हा उपनिबंधक. आणि कोणी अंगावर धावून आला, तर या सगळ्यांआधी पोलीस ठाणे.

मास्तर : वाहवा! आपण जी ही नामावळी एका श्वासात म्हटलीत, ती म्हणण्यासाठी आपल्याला नोकरीची उभी हयात खर्चावी लागली. बाईंना दोन वर्षांत ती कशी यावी? पूर्वी असे नव्हते. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या वतनाच्या तंट्यांचे कागद वाचा. गोतसभा बसे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार एकत्र येत, दोन्ही पक्षकार निवाडा मान्य करू असे आधी लिहून देत, निकाल झाला की महजर म्हणजे निवाड्याचा कागद तयार होई आणि हरलेला पक्ष हार कबूल करणारे यजितखत लिहून देई. तंटा ज्या मातीत उपजे, त्याच मातीत मिटे.

भाऊसाहेब : आणि ज्याच्या नावाची ना पाटीलकी, ना बलुते, त्याला त्या गोतसभेत किती आवाज असे? आपण वाचतो ते बहुधा वतनदारांचे महजर वाचतो. शिवाय तेथेही दार एक नव्हते : वतनाचा तंटा गोतापुढे, प्रायश्चित्ताचा प्रश्न ब्रह्मवृंदापुढे, आणि निवाडा पटला नाही की वरच्या दरबाराकडे धाव. इंग्रजांनीही शेतीची वाट किंवा पाण्याचा ओघ कोणी अडवला तर चटकन दाद मिळावी म्हणून १९०६ साली मामलेदार न्यायालयांचा कायदा केला, तो आजही चालू आहे; पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत आलास तर, अशी मर्यादा त्यातही आहेच. मर्यादा नसलेले न्यायासन मी कोठे पाहिले नाही.

मास्तर : मर्यादा असू द्या, पाटी असावी, एवढेच मागणे आहे. माझा एक विद्यार्थी नोकरीसाठी बँकॉकला आहे. तो सांगतो की थायलंडात प्रत्येक प्रांताच्या आणि तालुक्याच्या सरकारी कचेरीत तक्रारींचे एक केंद्र असते. १९९४ साली तेथील गृहखात्याने ते काढले, नाव दामरोंगथाम. त्यांच्या पहिल्या गृहमंत्र्याचे, राजपुत्र दामरोंग यांचे, स्मरण त्या नावात आहे, आणि शेवटचे जे 'थाम', ते आपले 'धर्म'. १५६७ हा क्रमांक फिरवला की तंटा जमिनीचा असो, सावकारीचा असो वा शेजाऱ्याचा, ऐकून घेणारा मनुष्य असतो. आपण धर्म हा शब्द त्यांना दिला आणि त्याची खिडकी उघडायला मात्र विसरलो!

भाऊसाहेब : खिडकी आपल्याकडेही आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांकडे लोकशाही दिन असतो; २०१५ पासून 'आपले सरकार' हे संकेतस्थळ आहे; आणि अधिकाऱ्यांच्या कारभाराविषयी गाऱ्हाणे असेल तर १९७१ च्या कायद्याने नेमलेले लोकायुक्त आहेत. पण तुमच्या विद्यार्थ्याला विचारा की त्या केंद्रात शेताची मालकी ठरते काय. ते केंद्र ऐकते, समजूत घालते, आणि ज्याचे काम त्याच्याकडे कागद धाडते. निकाल द्यावयाचा तो तेथेही न्यायालयानेच. आमच्या लोकशाही दिनातही न्यायप्रविष्ट प्रकरणे घेत नाहीत. म्हणजे तुम्ही ज्याला महाद्वार समजता, ती वस्तुतः आवक-जावकाची खिडकी आहे.

मास्तर : मला तीच हवी आहे! न्यायाधीश बदला असे मी म्हणत नाही. फक्त ज्याच्या हाती चुकून कागद पडला, त्याने तो पुढे सरकवावा असे म्हणतो. आणि हे माझे स्वप्नरंजन नव्हे, कायद्याने ते तुकड्यातुकड्यांनी मान्य केलेले आहे. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यात, अर्ज भलत्याच कचेरीत आला तर त्या कचेरीने तो पाच दिवसांत योग्य कचेरीकडे पाठवावा आणि अर्जदाराला तसे कळवावे, असे स्वच्छ लिहिले आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडो, खबर घेणे पोलीस ठाण्याला बंधनकारक आहे. लोक त्याला झिरो एफआयआर म्हणतात. दिवाणी संहितेने १९०८ पासून, दावा चुकीच्या न्यायालयात दाखल झाला तर तो फेटाळू नये, योग्य न्यायालयात नेण्यासाठी परत द्यावा, असा नियम घालून दिला आहे. आणि १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचे चौदावे कलम तर मला सुभाषितासारखे वाटते : मनुष्य शुद्ध हेतूने, पुरेशी काळजी घेऊन, अधिकार नसलेल्या न्यायालयात झगडत राहिला, तर तो काळ त्याच्या मुदतीतून वगळावा. वाट चुकणे हा अपराध नव्हे, हे ज्या कायद्याला न्यायालयापुरते कळले, ते त्याला कचेरीच्या टेबलापर्यंत आल्यावर का कळू नये?

भाऊसाहेब बराच वेळ समोरच्या कडुनिंबाकडे पाहत राहिले.

भाऊसाहेब : हे तुमचे म्हणणे मी मान्य करतो, आणि नोकरीत असताना मान्य केले नाही याची खंतही आहे. "आमच्याकडे येत नाही" हे वाक्य तोंडी बोलणे चूक; कागदावर लिहून, ते कोणाकडे येते हेही लिहून, खाली सही करणे बरोबर. तसे केले की सांगणाऱ्यालाही विचार करावा लागतो. पण मास्तर, त्या चौदाव्या कलमात दोन शब्द आहेत ज्यांवरून तुम्ही घाईने पुढे गेलात : शुद्ध हेतू आणि पुरेशी काळजी. आणि ते कलम न्यायालयात घालवलेल्या काळाचे आहे. कचेऱ्यांच्या बाकांवर गेलेली बाईंची दोन वर्षे त्यात कोणी मोजून घेईल या भरवशावर राहू नये. म्हणून विचारतो, त्या पाच अर्जांत बाईंनी लिहिले काय आहे?

मास्तर : काय लिहावयाचे? "माझ्या घरात गळती आहे, न्याय मिळावा."

भाऊसाहेब : पाणी येते कोठून? वरच्या घरातल्या न्हाणीतून, गच्चीतून, की बाहेरच्या मोठ्या नळातून?

मास्तर गप्प राहिले. मीही गप्प राहिलो, कारण त्याच इमारतीत इतकी वर्षे राहून मलाही ते ठाऊक नव्हते.

भाऊसाहेब उठले आणि म्हणाले, "चला, भिंत पाहू." तिघेही आमच्या इमारतीत आलो. बाईंनी चहा टाकला. भाऊसाहेबांनी खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढून भिंतीची मागची बाजू न्याहाळली. मजल्यामजल्यांवरून खाली येणारा सांडपाण्याचा सामाईक पाइप नेमका त्या भिंतीला चिकटून जात होता, आणि सांध्यापाशी शेवाळाचा हिरवा पट्टा हातभर उतरला होता. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ, ज्यांच्याशी बाईंनी दोन वर्षे अबोला धरला होता, या प्रकरणात सर्वस्वी निर्दोष होते.

मग भाऊसाहेबांनी विचारले की सोसायटीच्या उपविधींचे पुस्तक कोणापाशी आहे काय. माझ्यापाशी होते, सभासद झालो त्या दिवशी मिळाले आणि त्या दिवसापासून कपाटात शेअर सर्टिफिकेटाखाली पडून होते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, दुरुस्तीच्या प्रकरणात, बाहेरच्या सामाईक पाइपांतून होणारी गळती संस्थेने आपल्या खर्चाने दुरुस्त करावी असे लिहिले आहे. आणि अखेरीस, जेथवर वाचण्याचा धीर सहसा कोणाला होत नाही तेथे, सभासदाने कोणती तक्रार कोणाकडे न्यावी याची यादीच दिली आहे. शेअर सर्टिफिकेट दिले नाही, सभासदत्व नाकारले, दप्तराच्या नकला दिल्या नाहीत, हिशेब ठेवले नाहीत, तर निबंधक. दुरुस्ती, गळती, पार्किंग, पाण्याचे असमान वाटप, जादा आकारणी यांवरून संस्थेशी वाद असेल, तर १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या ९१ व्या कलमाखाली सहकार न्यायालय. बिल्डरने कराराप्रमाणे बांधले नाही, तर दिवाणी न्यायालय. अनधिकृत बांधकाम आणि वापरातील बदल यांसाठी महापालिका. धमकी आणि मारहाण यांसाठी पोलीस. मालमत्तेची निगा, नावाचा फलक, विमा यांसाठी सर्वसाधारण सभा. आणि सचिव पत्रच घेत नसेल, तर गृहनिर्माण संस्थांचे फेडरेशन.

मास्तरांनी ती दोन पाने दोनदा वाचली. "म्हणजे मी म्हणतो ती पाटी आहे," ते म्हणाले, "फक्त ती कपाटात लावली आहे."

"आणि तुम्ही म्हणता तो केसपेपर काढणारा मनुष्यही आहे," भाऊसाहेब म्हणाले, "फक्त त्याला सर्टिफिकेटाखाली दाबून ठेवला आहे."

दोघांच्या मध्ये बसणाऱ्या माणसाने निवाडा देणे शोभत नाही. तथापि त्या दिवसापासून माझे निम्मे निम्मे मत जरा सरकले आहे. तंट्याचे नाव शोधणे हे ज्याचा तंटा त्याचे काम आहे. पाणी कोठून येते हे न पाहता पाच ठिकाणी न्याय मागितला, तर पाचही ठिकाणी न्याय आंधळाच भेटणार. पण नाव चुकले म्हणून माणसाला तोंडी वाटेला लावणे हे कोणत्याही कचेरीचे काम नव्हे. वाचकांस विनंती इतकीच की, आपला अर्ज परत फिरवला गेल्यास वाद घालू नये, रागावूही नये. "हे कोणाकडे येते ते कृपया लिहून द्यावे" असा एक ओळीचा दुसरा अर्ज तेथेच द्यावा आणि त्याची पोच घेतल्याशिवाय उठू नये.

बाईंचा सहावा अर्ज भाऊसाहेबांनी त्याच दुपारी लिहून दिला. तक्रार कोणाविरुद्ध, वस्तू कोणती आणि मागणी काय, असे तीन परिच्छेद, खाली उपविधीचा हवाला. तो व्यवस्थापक समितीच्या सचिवांच्या नावे होता. त्यांची कचेरी आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर आहे, आणि गेल्या दोन वर्षांत त्यांच्याकडे या गळतीचा लेखी कागद एकही आलेला नव्हता.